घरगुती सिंथेसायझर, लेखांक ७ : वायरींची बांधणी

गेल्या आठवड्यात ऑसिलेटरचं कार्ड बोलतं झालं. आता ते पॅनेलला जोडायचं : पॉट, स्विच, जॅक, एलईडी. साध्या मॉड्यूललाही वीस-पंचवीस वायरी सहज लागतात. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो आणि ‘आत कोण बघतंय?’ म्हणत सगळं कोंबून पॅनेल आवळलं जातं. आत कोणी बघत नाही, हे खरं. ऐकू मात्र येतं.

कसं, ते आकड्यांतच पाहू. रॉबर्ट मूगने 1960च्या दशकात रुजवलेल्या पद्धतीत एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. सप्तकात बारा स्वर, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांत जेमतेम 83 मिलिव्होल्टचं अंतर. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट; तो तर एका मिलिव्होल्टहूनही कमी. पुण्याच्या बुधवार पेठेत ‘सात-छत्तीस’ म्हणून मागितली जाणारी वायर (36 गेजच्या सात तारा) मीटरमागे सुमारे 0.084 ओहम रोध धरते. तिचा फूटभर तुकडा ग्राउंडला लावला आणि पाच-सहा एलईडींचा मिळून 100 मिलिअँपिअर प्रवाहही त्याच तुकड्यातून परत पाठवला, की दोन टोकांत अडीच मिलिव्होल्टचा फरक पडतो. सूर तीन सेंट सरकला! 440 हर्ट्झला जुळवलेले दोन ऑसिलेटर मग दर सव्वा सेकंदाला एक आंदोलन ऐकवतात आणि एलईडी लुकलुकले की सूरही डुलतो. ट्रिमपॉट कितीही फिरवा, हा दोष जाणार नाही.

तेव्हा एलईडीचं ग्राउंड वेगळं, सुराचं वेगळं आणि दोन्हींची गाठ एकदाच, थेट पॉवर कनेक्टरपाशी. जॅकच्या ग्राउंडचे पाय एका उघड्या, कथील चढवलेल्या तांब्याच्या तारेने ओळीने जोडून घ्यावेत. पत्र्याचं पॅनेल ते काम करतंच, असं म्हणणारे भेटतील. नट ढिला झाला की काय होतं, ते त्यांना विचारा.

आपल्याकडे सिंथेसायझर तसा जुनाच. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूगचा सिंथेसायझर मांडला. 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंडच्या यंत्रांवर दहा रागांची तबकडी काढली. ती यंत्रं आयती बांधून आलेली होती. आपल्याला बांधायची आहेत आणि त्यासाठीचा गुरू परदेशात शोधायची गरज नाही.

तो लोणी भापकरलाही भेटतो. बारामतीच्या जिरायती पट्ट्यातलं हे गाव. इकडे पाणी खोल, मोटारीवर ताण फार. त्यामुळे जळालेली मोटार भरून देणारा कारागीर सगळ्यांच्या ओळखीचा. विहिरीवरची मोनोब्लॉक मोटार तो कशी भरतो, ते एकदा शेजारी बसून पाहा. वेटोळी बसली की बाहेर आलेली टोकं तो एका दिशेने वळवतो, जोडावर स्लीव्ह चढवतो, मग दोऱ्याने सगळी जुडी आवळत जातो आणि शेवटी व्हार्निश देतो. मोटार थरथरते तेव्हा तार तारेवर घासू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुड्याही पूर्वी अशाच मेणाच्या दोऱ्याने बांधत.

आपण तेच करायचं, व्हार्निश सोडून. वायरी आधी पॅनेलवर मोकळ्या ठेवून मार्ग ठरवा, जोडणी करून तपासा आणि मगच बांधा. दर दोन-अडीच सेंटिमीटरला वेढा घ्यायचा आणि दोऱ्याचं टोक वेढ्याच्या आतून ओढून त्याची तिथेच गाठ पाडायची. मग एक वेढा तुटला तरी पुढचे उलगडत नाहीत. प्लॅस्टिकचे टाय झटपट लागतात, पण त्यांची कापलेली टोकं बोटं ओरबाडतात आणि फार आवळले तर इन्सुलेशन दाबलं जातं. मी दोराच वापरतो.

वायर बहुतारीच हवी. एकतारी वायर वाकवली तशी राहते, म्हणून दिसायला सुबक. पण बेंजो पार्टीच्या टेम्पोत बसून हे यंत्र एखाद्या जत्रेला निघालं, तर धक्क्यांनी ती नेमकी सोल्डरपाशी तुटते. इन्सुलेशन सोलताना आतल्या तारांना चरा पडला तर बहुतारीही तिथेच दगा देते. तो तुकडा टाकून द्या. आणि वायर अगदी ताणून मापाची कापू नका. पॅनेल पुस्तकासारखं उघडता येईल इतकी ढील एका बाजूला हवी, म्हणजे दुरुस्तीला काही उपसावं लागत नाही. कार्डाकडचं टोक रेलिमेट कनेक्टरवर घेतलं तर पॅनेल सुटंच होतं. खर्च थोडा वाढतो, पण तो करावा.

रंगांचा हट्ट फार नको. ग्राउंड काळं, एवढं पाळलं तरी पुष्कळ. ऑडिओ इनपुटला शील्डवाली वायर लांब असेल तिथेच लावा आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

राहिली पॉवरची चपटी एफआरसी केबल. तिची लाल कड म्हणजे उणे 12 व्होल्ट. लाल पाहून अधिक समजणारे पुष्कळ. उलटी बसली तर आयसी जातात. पुढच्या रविवारी आपण वीज देणार आहोत. त्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून अधिक 12, उणे 12 आणि ग्राउंड यांपैकी कोणतीही दोन एकमेकांना चिकटलेली नाहीत ना, हे तपासून ठेवा. बीप वाजला तर वीज देऊ नका. आधी तो जोड शोधा.