जुनी वास्तू, नवी सुरक्षा

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. हुबळीत १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ स्थापन करणाऱ्या या गायकनटाचे नाव पुढे लाभलेली ही वास्तू राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारली होती.

अशा नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीतील पेच दुहेरी असतो. जुन्या रंगगृहांतील लाकूडकाम व पडदे नादाला पोषक ठरतात, तसेच आगीलाही इंधन पुरवतात. म्हणून अग्निरोधक लेप, पाण्याचे स्वयंचलित फवारे आणि प्रशस्त निर्गममार्ग अपरिहार्य होतात. मात्र छताची उंची किंवा भिंतींचे पृष्ठभाग बदलले, की नादही बदलतो. शिवाय भाडे हौशी संस्थांना परवडले नाही, तर वास्तू सावरेल; तिथली रंगभूमी सावरणार नाही.