उपनगराची निवड

मुलांनो, मुंबईत नोकरी करणाऱ्या अनेक कुटुंबांना शहरात घर परवडत नाही. मग त्यांनी उपनगर कसे निवडावे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. पुढे जसजसे रूळ लांबले, तसतशी वस्तीही पसरली. आज ठाणे मुंबईच्या या टोकापासून सुमारे ३४ किलोमीटर, तर कल्याण सुमारे ५४ किलोमीटर आहे. सामान्यतः दूर जावे तसे घर स्वस्त मिळते. परंतु केवळ भाडे पाहून भागत नाही.

प्रथम कचेरी कोणत्या मार्गावर आहे ते पाहावे. ती चर्चगेटजवळ असल्यास बोरिवलीकरास गाडी बदलावी लागत नाही. कल्याणकरास मात्र दादरला उतरून दुसरी गाडी धरावी लागते. जलद गाडी थांबते काय, स्थानक पायी गाठता येते काय, पाणी, शाळा व दवाखाना यांची सोय आहे काय, हेही विचारावे.

जाण्यास दीड तास लागला, तर येण्याजाण्यात रोज तीन तास जातात. सहा दिवसांत ते अठरा होतात. तेवढा काळ आईवडील मुलांना अंतरतात. म्हणून एका पारड्यात वाचलेले भाडे ठेवावे व दुसऱ्यात हे तास. मगच घर ठरवावे.