लान्ड्सहूटची वरात

जुलै 2023. रविवारची टळटळीत दुपार. बव्हेरियातल्या लान्ड्सहूट गावात आल्टश्टाट या रुंद रस्त्यावर मुंगीला शिरायला वाव नाही. ढोल जवळ येतात, मागोमाग कर्णे, आणि अख्खा रस्ता ओरडतो, “हालोऽऽ!”

वरात येतेय, 1475 सालची. इथल्या ‘श्रीमंत’ लुडविग ड्यूकचा मुलगा गेऑर्ग आणि पोलंडच्या राजाची लेक हेडविग यांचं लग्न त्या वर्षी 14 नोव्हेंबरला समोरच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये लागलं. विटांचा तो 130 मीटरचा मनोरा तेव्हा अजून बांधून व्हायचा होता. 1903 पासून गावकरी हे लग्न पुन्हा लावतात. हल्ली दर चार वर्षांनी. सोंगं घेतलेली दोन हजारांवर माणसं बहुतेक गावचीच. पुरुषांनी कित्येक महिने केस वाढवलेत, घड्याळं घरी ठेवलीत. भिकाऱ्याच्या वेशातला एक पोरगा हात पसरत माझ्यापाशी येतो. गालाला काजळी, पाय अनवाणी, दातांना मात्र चकचकीत तारा.

“आमच्या घरातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी यात चाललंय,” शेजारी घडीच्या स्टुलावर बसलेल्या आजी सांगतात.

आता नवरीचा सोनेरी रथ. मुकुटाखाली कपाळावर घाम. हलवून हलवून उजवा हात भरून आलेला, म्हणून ती हळूच डावा वर करते. खरी हेडविग अठरा वर्षांची होती. सोयरीक ठरली ती 1474 च्या अखेरीस, पोलंडातल्या राडोममध्ये. हुंडा 32,000 हंगेरियन सुवर्णमुद्रा. तिचा भाऊ शेजारच्या बोहेमियाचा राजा, आणि तुर्कांचं भय पूर्वेकडून वाढत होतं. अशा वेळी पोलंडशी नातं जोडलेलं कोणाला नको होतं? लग्नाला खुद्द सम्राट फ्रेडरिक तिसरा आला. खर्चाच्या वहीत 323 बैल, 40,000 कोंबड्या आणि 1,94,345 अंडी आहेत. एकूण खर्च 60,766 गुल्डन. अंड्यांचाही हिशेब ठेवणाऱ्या घराने सुनेकडून वारस मुलगाच मागितला असेल, हे वेगळं सांगायला नको.

“पुढे कुठे राहिली ती?” मी विचारतो.

“बुर्गहाउझेनला,” आजी रथावरची नजर न काढता म्हणतात.

ऑस्ट्रियाच्या सीमेवरचा तो किलोमीटरभर लांबीचा किल्ला. नवरा लान्ड्सहूटहून राज्य करी, हेडविगचा संसार तिथे. मुलगे बापाच्या आधी गेले, मागे राहिल्या दोन मुली. धाकटी मार्गारेट मठात गेली. थोरल्या एलिझाबेथच्या नावाने बापाने मृत्युपत्र केलं. पण घराण्याच्या करारांत राज्य मुलीकडे जात नव्हतं. 1502 मध्ये हेडविग वारली, पुढच्या वर्षी गेऑर्ग. एलिझाबेथने हक्क सोडला नाही. तिने आणि तिचा नवरा रुप्रेश्टने लान्ड्सहूट आणि बुर्गहाउझेन ताब्यात घेतलं. वारसा सांगणाऱ्या म्युनिकच्या भाऊबंदांशी युद्ध पेटलं, गावंच्या गावं जळाली. 1504 च्या ऑगस्टमध्ये रुप्रेश्ट गेला, सप्टेंबरमध्ये ती. दोन लहान मुलं उरली.

रथ पुढे सरकतो. आता सम्राटाचा लवाजमा, त्यात घोड्यावर त्याचा मुलगा मॅक्झिमिलियन. पोरी त्याला हाका मारतात, तो टोपी काढून हसतो. लग्नाच्या वेळी तो सोळा वर्षांचा होता. तीस वर्षांनी, राजा झाल्यावर, या वारसाहक्काचा निवाडा त्यानेच कोलोनमध्ये दिला. मोठा वाटा म्युनिकला. एलिझाबेथच्या मुलांसाठी नॉयबुर्गचं छोटं नवं संस्थान. आणि कूफश्टाइन, किट्सब्यूहेल, राटेनबेर्ग ही गावं त्याने स्वतःकडे ठेवली. लग्नात जेवून गेलेल्या पाहुण्याने आहेर असा सव्याज वसूल केला.