सव्वा गुंठ्याचा खेळ

उन्हाळा लागला की आमच्या अकोले तालुक्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवाची पालखी, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा, हा ठरलेला क्रम. हगाम्याची सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी होते. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट लावून मातीत उतरतात. जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या मिळतात आणि हरणाऱ्यालाही कोणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. मीही त्या रेवड्या खाल्ल्या आहेत. जिंकून एकदा आणि हरून पुष्कळदा.

आमच्या तालमीत मारुतीची तसबीर होती. वस्तादांनी आम्हा मुसलमान पोरांना कधी वेगळं बसवलं नाही. हौद्यातली माती ताक, हळद, लिंबू घालून मळायची पाळी सगळ्यांवर सारखी यायची. मोहरममध्ये ताबूत उचलायला हीच पोरं पुढे असायची. त्या वयात यात काही विशेष आहे असं वाटलं नाही. आता वाटतं, आणि म्हणूनच आज खेळाबद्दल बोलण्यापेक्षा खेळाखालच्या जमिनीबद्दल थोडं बोलावं म्हणतो.

हगामा वर्षातून एकदा. बाकीचं वर्ष गाव खेळतं ती कबड्डी, आमच्या लहानपणीचं हुतूतू. या खेळाला किती जागा लागते? पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे १३० चौरस मीटर, आपल्या भाषेत सव्वा गुंठा. महिलांचं मैदान १२ बाय ८, ते तर पुरता एक गुंठाही नाही. भोवती बघ्यांना उभं राहायला जागा धरली, तरी तीन-चार गुंठ्यांत सगळं गाव मावतं. बॅट नको, चेंडू नको, जाळी नको. मध्यरेषा, निदानरेषा फक्कीने आखल्या, सात-सात गडी उभे राहिले, की चढाई सुरू.

आमच्या भागात हे फार सोयीचं होतं. तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत आहे. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, तिथेच. रतनगड, हरिश्चंद्रगडही त्याच बाजूला. तिकडे सपाट जमीन म्हणजे भाताचं खाचर, नाहीतर खळं. भात निघाला की मोकळ्या खाचरात पोरं खेळणार, पाऊस लागला की बंद. पूर्वेला प्रवरेच्या काठाने जमीन सपाट आहे, पण तिथे ऊस उभा. त्यामुळे शाळेमागची, देवळापुढची, ओढ्याकाठची गावकीची जागा हेच खरं मैदान.

मैदानाच्या जोडीला मंडळ लागतं. चार पोरं एकत्र येऊन नाव ठरवतात, वर्गणी काढतात, एका रंगाच्या बनियनी शिवून घेतात. रीतसर जायचं तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. मग जिल्हा संघटना, राज्य संघटना अशी शिडी. या शिडीने हा खेळ खूप वर गेला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने आपले देशी खेळ जगाला दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पुरुषांची कबड्डी आली, २०१० च्या ग्वांगझू स्पर्धेत महिलांची. २०१४ पासून ती व्यावसायिक लीगमुळे घरोघरच्या टीव्हीवरही दिसू लागली.

खेळ वर गेला, पण गावातली त्याची जागा कुठे गेली? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला फार लांबचा एक देश आठवतो, आयर्लंड.

तिथे गेलिक फुटबॉल नावाचा त्यांचा स्वतःचा खेळ आहे. चेंडू हाताने धरायचा, पायाने मारायचा. एका बाजूला १५ खेळाडू. गोलाचे खांब वर वाढवलेले असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर एक गुण, आणि २०२५ पासून लांबून मारलेल्याला दोन. इंग्रजांच्या राज्यात आपले खेळ मरत चालले, म्हणून मायकेल क्युसॅक नावाच्या शिक्षकाने पुढाकार घेऊन १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मोजक्या माणसांची बैठक बोलावली. त्यातून गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्याच्या चळवळीशी तिचं नातं इतकं जवळचं, की २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात सामना चालू असताना ब्रिटिशांच्या सशस्त्र दलांनी गोळीबार केला आणि चौदा जीव गेले. त्यात मायकेल होगन हा खेळाडूही होता. आपल्याकडे तालमी आणि व्यायामशाळा स्वातंत्र्याच्या चळवळीशी जशा जोडलेल्या होत्या, तसंच हे.

या संस्थेचा पाया म्हणजे गाव. तिथे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, त्याला पॅरिश म्हणतात, म्हणजे साधारण एक क्लब. खेळाडूला मानधन नाही. देशाचा अंतिम सामना ८२ हजार प्रेक्षकांपुढे रविवारी खेळलेला माणूस पुढे आपल्या शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात धारा काढायला जातो. महिलांची वेगळी संघटना १९७४ मध्ये झाली, तीही थर्ल्स गावातच.

आता मुद्द्याची गोष्ट. या खेळाचं मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद असतं. म्हणजे अडीच ते सव्वातीन एकर. एवढी जमीन कुणाच्या अंगणात सापडत नाही. ती मिळवावीच लागते. म्हणून तिथल्या गावांनी वर्गण्या काढल्या, सोडती लावल्या, जमिनी घेतल्या आणि संस्थेच्या विश्वस्तांच्या नावावर केल्या. कागद झाला, त्यामुळे मैदान टिकलं.

आपलं नेमकं उलटं झालं. सव्वा गुंठा कुठेही मिळतो, म्हणून आपण तो कधी राखून ठेवलाच नाही. ज्या खेळाला तीन एकर लागतात त्याचं मैदान टिकलं. ज्याला सव्वा गुंठा पुरतो, त्याला उभं राहायला जागा उरली नाही.

माझ्या गावचंच सांगतो. शाळेमागे गावाची मोकळी जागा होती. हगामा तिथे, कबड्डी तिथे, संध्याकाळी मुलींचा खो-खो तिथे. आधी तिथे पाण्याची टाकी आली. पाणी नको असं कोण म्हणेल? मग सभामंडप आला, मग विजेचं रोहित्र, मग रस्त्याकडेने गाळे. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं आणि प्रत्येक वेळी हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. आज मुलगे मोटारसायकलवर बसून शेजारच्या गावी खेळायला जातात. मुली जात नाहीत. त्यांचा खेळ संपला, आणि तो संपल्याचं गावात कुणी बोलूनही दाखवलं नाही.

क्रोक पार्कची आणखी एक आठवण सांगतो. २०२० साली करोनामुळे डब्लिनमधल्या मुसलमानांना बकरी ईदची नमाज एकत्र पढायला मोठी जागा हवी होती. खेळसंस्थेने क्रोक पार्क उघडून दिलं. ३१ जुलैला त्या हिरवळीवर अंतर राखून चटया अंथरल्या गेल्या आणि सुमारे दोनशे माणसांनी नमाज पढली. ती बातमी वाचताना मला आमची तालीम आठवली. मैदान सगळ्यांचं असलं की अशी दारं उघडता येतात. आपल्याकडेही ईदगाहच्या मोकळ्या जागेत वर्षभर सगळ्या आळ्यांची पोरं क्रिकेट खेळतातच की.

मग करायचं काय? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी गावातली सरकारी मोकळी जमीन चराई, दहनभूमी, दफनभूमी, गावठाण, खळवाडी, बाजार अशा कामांसाठी राखून ठेवू शकतात. त्या यादीच्या शेवटी इतर सार्वजनिक प्रयोजनांचाही उल्लेख आहे. खेळाचं मैदान त्यात बसतं, पण गावाने मागितलं तर. सर्वोच्च न्यायालयानेही २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या गावाला परत द्याव्यात, असं बजावलं आहे.

तेव्हा तलाठ्याकडे जाऊन आपली पोरं खेळतात त्या जागेचा सातबारा एकदा पाहा. तिथे काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. मागताना तीन-चार गुंठेच मागा, पण कागदावर मागा. आणि त्या दिवशी गावातल्या दोन मुलींना सभेत बोलू द्या. जागा कशाला हवी, हे त्या आपल्यापेक्षा नीट सांगतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)