बोया टिकतो साखळीवर

बंदराच्या तोंडाशी डोलणारा बोया तुटून वाहून गेला, तर जहाज खडकावर चढू शकते. पूर्वी बोये पोलादी पत्र्याचे असत. आता आत फोम भरलेले, जाड पॉलिथिनचेही मिळतात. ते गंजत नाहीत, भोक पडले तरी बुडत नाहीत. खरी झीज खाली, नांगराच्या साखळीत होते. लाटांबरोबर तिचा जो भाग सतत उचलून तळावर आपटतो, तिथल्या कड्या वाळूने घासून बारीक होतात. जाडी तिथेच वाढवावी. गिऱ्हाईक मात्र आधी रंग पाहते!

चेन्नईत १९९३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या, समुद्रावरील हवामान नोंदणाऱ्या बोयांना दुसराच त्रास आहे. त्यांच्याभोवती मासे जमतात, मच्छीमार त्यांना होड्या बांधतात, दोर नि यंत्रे तुटतात. मग वादळाच्या अंदाजाला लागणाऱ्या नोंदी थांबतात, आणि फटका त्याच होड्यांना बसू शकतो.