दोन तासांचा थांबा : कारंजा लाड

नागपूरहून शिर्डीकडे अथवा मुंबईकडे निघालेली मोटार हल्ली समृद्धी महामार्गानेच जाते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. ताशी १२० किलोमीटरच्या वेगात विदर्भ केव्हा मागे पडतो हे मागच्या आसनावरील मुलांना कळतही नाही. नागपूर सोडल्यापासून साधारण दोन तासांत वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाडचा फलक येतो आणि मागे जातो. गाडीतील कोणीतरी म्हणते, ‘आजीचे माहेर इथलेच.’ एवढ्यावर कारंजा संपते.

खरे तर याच फलकापाशी गाडी वळवावी असे हे गाव आहे.

वेशींचे गाव

कारंज्याच्या नावाची एक आख्यायिका आहे. करंज नावाचे ऋषी दुर्धर व्याधीने ग्रस्त होते. त्यांनी अंबेची आराधना केली. देवीने त्यांच्यासाठी तळे निर्माण केले आणि त्यात स्नान करून ते व्याधिमुक्त झाले. ते तळे आजही ऋषी तलाव या नावाने ओळखले जाते. जुन्या गावाच्या दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि दारव्हा या चार वेशींची नावे लोकांच्या तोंडी आहेत. या नावांवरूनच येथून कोठकोठे वाटा जात, याची कल्पना येते.

व्यापाराने या गावाला मोठे वैभव दिले. कस्तुरीच्या हवेलीची कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. उंटांवर लादून आलेली सारी कस्तुरी एका सावकाराने विकत घेतली आणि घराच्या बांधकामाच्या चुन्यात मिसळून टाकली, अशी ती कथा. यात अतिशयोक्ती असेल, पण श्रीमंतीची कीर्ती खोटी नव्हती. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मराठी फौजा कारंज्यावर येऊन धडकल्या, हा इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत कापसाने गावाला पुन्हा हात दिला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ कारंज्यावरून धावत असे, तीही मुख्यतः कापसासाठी.

पैसा आला तसा गेला. राहिला तो स्वभाव. बाजारात मंदिराचा पत्ता विचारला, तर दुकानदार नुसती दिशा दाखवून थांबत नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत येतो. ‘जय जिनेंद्र’ म्हटल्यावर पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत कोठेतरी सोयरीक निघतेच. ‘या जी, बसा, पाणी घ्या’ हे वऱ्हाडी आमंत्रण औपचारिक नसते. नाही म्हटले, तर समोरच्याला वाईट वाटते. याच गावात चौदाव्या शतकात श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म झाला. त्यामुळे दत्तभक्तांची वर्दळ येथे नित्याचीच असते आणि परक्या माणसाकडे कोणी परका म्हणून पाहत नाही.

तीन मंदिरे आणि एक ठेव

कारंज्यात बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारक परंपरांची मंदिरे आहेत. मूर्तींचे दर्शन घेऊन बहुतेक यात्रेकरू परततात. मात्र कारंज्याचे नाव विद्वानांच्या जगात गेले ते येथील हस्तलिखित ग्रंथांमुळे.

पूर्वी व्रताचे उद्यापन झाले की सधन श्रावक एखाद्या ग्रंथाची नक्कल लेखनिकाकडून करवून घेत आणि ती मंदिराला अथवा मुनींना अर्पण करीत. हे शास्त्रदान. ग्रंथाच्या शेवटी पुष्पिकेत दात्याचे, त्याच्या कुटुंबीयांचे, गावाचे नाव आणि तिथी लिहिली जाई. अशी दाने शतकानुशतके साठत गेली. ज्यांनी ती दिली त्यांतील अनेकांना ग्रंथातील भाषा अवगत नसेल, पण ती जपली पाहिजे हे त्यांना ठाऊक होते.

१९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. त्या कामात अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांचा वाटा होता. कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ तेव्हा अभ्यासकांसमोर आले. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि मराठी, हिंदी, गुजराती या आजच्या भाषा यांमधला दुवा. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादित केले. पाठोपाठ डॉ. हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ मध्ये मुनी कनकामर यांचे ‘करकंडचरिउ’ प्रकाशात आणले. या शेवटच्या काव्यात तेरापूरच्या, म्हणजे धाराशिवच्या लेण्यांचे वर्णन आहे. ज्या मालेत हे ग्रंथ निघाले तिला कारंज्याच्याच अंबादास चवरे यांचे नाव आहे. ग्रंथ जपणारे व्यापारी आणि ते छापण्यास हातभार लावणारेही व्यापारी, हे येथे विशेष सांगण्यासारखे.

१९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली. ती करणारे ब्रह्मचारी देवचंदजी पुढे मुनी समंतभद्र महाराज झाले आणि कुंभोजजवळील बाहुबली येथील आश्रमही त्यांच्याच प्रेरणेने १९३४ मध्ये उभा राहिला. महाराष्ट्रातील जैन गुरुकुलांची परंपरा शोधू लागले, तर वाट कारंज्यापाशी येते.

शांतिनाथांचे हरिण

सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे लांछन हरिण. मंदिरात पादपीठावर कोरलेले हे हरिण जिवंत पाहायचे असेल, तर कारंजा-सोहोळ अभयारण्य जवळच आहे. काळविटांसाठी राखलेले हे सुमारे १८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र म्हणजे घनदाट अरण्य नव्हे. येथे गवताळ माळ आहे, अधूनमधून बाभूळ, पळस, कडुनिंब. नवख्याला तो पडीक वाटतो. काळविटाला मात्र असाच माळ हवा. ते झाडीत लपत नाही. दूरवरचे दिसणे आणि वेगाने पळणे हेच त्याचे संरक्षण. नराचा रंग गडद काळसर, पोट पांढरे, शिंगे पिळदार. मादी फिकट तपकिरी आणि बहुधा बिनशिंगांची. कळप बिचकला की एकामागून एक प्राणी उंच उड्या घेत निघतो. ते दृश्य मुले विसरत नाहीत.

या माळाची कसोटी आता लागत आहे. समृद्धी महामार्गाच्या वाटेत काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ आणि तानसा ही तीन अभयारण्ये येतात. वन्यप्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून मार्गावर भुयारी आणि उन्नत वाटा बांधल्या आहेत. दुसरी बाजू शेतकऱ्याची. माळावरचे कळप सोयाबीन, हरभरा, तूर यांत शिरतात आणि रात्रभर जागल करूनही पीक हाती लागेलच असे नसते. शासनाची नुकसानभरपाई आहे, पण अर्ज आणि पंचनामे यांत दिवस जातात. हाच शेतकरी धान्य घेऊन आडतीवर येतो. जीवदयेचा खरा भार जो उचलतो, त्याच्याशी मापात, भावात आणि उधारीत उदार राहणे हेही अहिंसेच्या आचरणात मोडते. व्यापारी कुटुंबांनी याचा विचार जरूर करावा.

थांबण्याची व्यवस्था

सकाळी लवकर नागपूर सोडावे, म्हणजे काळविटे चरत असताना माळावर पोहोचता येते. प्रवेशाविषयी वनविभागाकडे आधी चौकशी करावी. उन्हे चढल्यावर गावात येऊन दर्शन घ्यावे. महामार्गावर कांदा-लसणाविना जेवण मिळेलच याचा भरवसा नसतो. म्हणून मंदिरात अथवा आश्रमात दोन दिवस आधी विचारून ठेवावे. परतीच्या प्रवासात चौविहार सांभाळायचा असेल, तर शिदोरी सोबत असलेली बरी. हस्तलिखिते पाहण्याचा आग्रह ऐनवेळी धरू नये. व्यवस्थापकांची पूर्वपरवानगी घ्यावी आणि कागदाला हात लावू नये.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. पावसाळा तोंडावर आलेला असताना ग्रंथ बाहेर काढायचे, वेष्टने बदलायची, पूजा करायची, ही त्या दिवसाची जुनी रीत. विदर्भातील शाळा तेव्हा सहसा उघडलेल्या नसतात. मुलांना सोबत घेऊन त्या दिवशी कारंज्यात उतरावे. वेष्टनाला कापड द्यावे, सूचीच्या अथवा जतनाच्या कामाला यथाशक्ती दान द्यावे आणि आजी असेल, तर तिलाही गाडीत घ्यावे. माहेरचे घर कोणत्या वेशीजवळ होते, हे तिच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.