दीर्घिका, वायू आणि ताऱ्यांचा जन्म

आम्ही इतिहासाचे अध्यापक. वसतिगृहाच्या गच्चीवर आकाश न्याहाळताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नवे तारे अजून जन्मतात का?" त्या प्रश्नामागे जाताना जे हाती आले, ते येथे मांडीत आहोत.

अब्जावधी ताऱ्यांच्या समूहास दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा त्यांपैकीच एक. तारे घडतात ते मुख्यत्वे हायड्रोजन वायूपासून. हा विरळ वायू थंड व दाट होतो, त्याचे अणू जोडीने रेणू बनतात आणि असे ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावून तारे जन्मास येतात. सर्पिल दीर्घिकांच्या तबकडीत हा वायू विपुल असतो व भुजांत तो दाटून येतो. म्हणून तेथे तरुण, निळसर तारे झळकतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत थंड वायू फारच थोडा. तेथे बहुतांश जुने, तांबूस तारे. सोलापूरकरांस हे सहज उमगेल. माग उत्तम हवा हे खरे. पण सूतच नसेल तर चादर विणणार कशाची?

विश्वातील तारकानिर्मिती सुमारे ८०० ते १००० कोटी वर्षांपूर्वी ऐन भरात होती. आज ती साधारण दहाव्या हिश्शावर आली आहे. असे का झाले, याचा महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातूनच मिळाला.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ती बनते. अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. परंतु इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा संकेत अतिशय क्षीण, तो एकटा ऐकू येत नाही. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर व सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले, तेव्हा तो ऐकू आला. हे संशोधन २०२० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या त्या लहरी म्हणजे इतिहासाचे अस्सल साधनच.

त्यातून दिसले ते असे: त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण तारे इतक्या वेगाने घडत होते की, तो साठा १०० ते २०० कोटी वर्षांतच सरला असता. बाहेरून पुरेसा नवा वायू आला नाही, म्हणून निर्मिती मंदावली, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्या विद्यार्थ्यास आम्ही सांगितले, "होय, जन्मतात. हिवाळ्यात मृग नक्षत्रातील तेजोमेघ पाहा. तेथे आजही तारे घडत आहेत. जेथे वायू शिल्लक आहे, तेथे निर्मिती थांबलेली नाही."